१६ नव्हे, १४.२ मिमी : अर्थिंग वेल्डचा मोल्ड मागवतानाचा माझा अनुभव

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत बेदाण्याच्या एका नव्या कोल्ड स्टोरेजचे अर्थिंगचे काम माझ्याकडे होते. जमिनीखालचे सर्व जोड एक्झोथर्मिक वेल्डनेच करावेत, नट-बोल्टचे क्लॅम्प चालणार नाहीत, अशी सल्लागारांची अट होती आणि ती मला पटलेलीही होती. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात दीर्घकाळ ओली राहते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यात पुरलेला क्लॅम्प काही वर्षांत कसा गंजून सैल पडतो, हे जुने पिट (अर्थिंगचे खड्डे) उकरताना मी अनेकदा पाहिले आहे. कॉपर ऑक्साइड आणि ॲल्युमिनियम यांची पावडर ग्रॅफाइटच्या मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, पेटवली की काही सेकंदांत वितळलेले तांबे खाली उतरते आणि जमिनीत ठोकलेला रॉड व त्याला जोडायची केबल एकजीव होतात. रॉड, केबल, पावडर आणि लायटर यांची खरेदी सहज झाली. घोडे अडले ते मोल्डपाशी.

मोल्ड हा ठरावीक जाडीचा रॉड, ठरावीक जाडीची केबल आणि ठरावीक प्रकारचा जोड यांच्यासाठीच कोरलेला असतो. पुरवठादाराच्या मागणी-अर्जात मात्र रॉडसाठी इंचांचा एकच रकाना होता. आमचा कॉपर बॉन्डेड (तांब्याचा थर चढवलेला पोलादी) रॉड बाजारात ५/८ इंची म्हणून विकला जातो. ५/८ इंच म्हणजे १५.९ मिमी; परंतु आट्यांच्या रॉडची मूळ दांडी १४.२ मिमीचीच असते, तिच्यावर आटे लाटून उठवल्यानंतर आट्यांचा बाहेरचा व्यास ५/८ इंच भरतो. वेल्ड आट्यांवर नव्हे, दांडीवर करायचा असतो. अर्ज भरून घेणाऱ्या गृहस्थांना हे मी फोनवर पुन्हा पुन्हा सांगितले. त्यांचे उत्तर ठरलेले होते : “साहेब, ५/८ ला आम्ही १६चाच मोल्ड देतो. सिस्टिममध्ये तसंच आहे.” मोल्ड मागणीनुसार तयार होत असल्यामुळे परत घेतला जाणार नाही, हे वाक्य त्याच अर्जाच्या तळाशी ठळक अक्षरांत छापलेले होते.

दुसऱ्या कामावरचा १६ मिमीचा मोल्ड माझ्याकडे होता. तो आमच्या रॉडवर बसवून क्लॅम्प आवळला आणि मिस्त्रींना मागून मोबाईलची बॅटरी धरायला सांगितले. रॉडच्या एका कडेने उजेडाची बारीक चंद्रकोर स्पष्ट दिसली. “अण्णा, हितनं सगळं तांबं वाहून जाईल की,” मिस्त्री म्हणाले. ते पुरवठादाराला कळवले, तेव्हा फटीत पुट्टी भरा, असा सल्ला मिळाला. पुट्टी किरकोळ गळतीसाठी असते. नव्या कोऱ्या मोल्डचा पहिलाच जोड पुट्टीवर काढायचा असेल, तर त्या मोल्डचे पैसे कशाचे द्यायचे?

यात भर मालकाच्या खरेदी विभागाची. अंदाजपत्रकात “१६ मिमी” लिहिलेले असल्याने १४.२ लिहिलेले बिल मंजूर होणार नाही, असे त्यांनी कळवले. जूनचे ढग दिसू लागले होते आणि माझे पिट उघडे होते. सल्लागारांकडून प्रत्यक्ष व्यासाचे एका ओळीचे पत्र आणल्यावर तो प्रश्न सुटला. पुरवठादाराचा प्रश्न कागदाने सुटणारा नव्हता. शेवटी रॉडचा वीतभर तुकडा आणि केबलचा तेवढाच तुकडा कापून, चिठ्ठी बांधून, ट्रान्सपोर्टने त्यांच्या कारखान्यात पाठवला. तिथल्या कारागिराने स्वतः माप घेतले आणि मोल्ड बरोबर आला. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की मोल्डची मागणी शब्दांत करूच नये. तुकडा पाठवावा, किमान व्हर्नियर (जाडी मोजायचे साधन) लावलेल्या रॉडचा फोटो तरी पाठवावा.

केबलचेही तसेच आहे, हे आधीच सांगायला हवे होते. केबलचे ७० चौ. मिमी हे माप म्हणजे तांब्याच्या छेदाचे क्षेत्रफळ आहे, जाडी नव्हे; एकसंध तार आणि पिळाची तार यांच्या व्यासात एक मिलिमीटरहून अधिक फरक पडतो.

पावडरचे पाकीट मोल्डच्या पट्टीवर कोरलेल्या ग्रॅमचेच घ्यावे. मोठ्या पाकिटातली अर्धी पावडर वापरण्याचा मोह टाळावा, कारण साठवणीत आणि वाहतुकीत बारीक-जाड कण वेगळे होतात. पावडर ओतण्यापूर्वी तळाशी ती अडवून धरणारी पोलादी चकती बसली आहे ना, हे बोटाने चाचपून पाहावे. पुरवठादाराकडे आयईईई ८३७ (अर्थिंगच्या जोडांच्या चाचणीचे मानक) प्रमाणे केलेल्या चाचणीचा अहवाल मागावा. तो मागितल्यावर काही जणांचा आवाज लगेच बदलतो.

आमचे जोड पहिल्या सरी पडून गेल्यानंतरच्या उघडिपीत झाले. ग्रॅफाइट हवेतली ओल शोषून घेते, त्यामुळे पहिल्या जोडापूर्वी गॅसच्या टॉर्चने मोल्ड नीट तापवून घेतला, रॉड आणि केबलही तारेच्या ब्रशने घासून कोरडी केली. ओल राहिली तर जोडात छिद्रे पडतात आणि वितळलेले तांबे बाहेर उसळू शकते. एक मोल्ड साधारण ५० जोड देतो असे धरतात, मात्र मळी काढताना मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हर चालवला तर तेवढे मिळत नाहीत. मी मोल्डसोबत मऊ ब्रश दिला आणि स्क्रू-ड्रायव्हर पेटीत कुलूपबंद ठेवला.