रिवेटपासून बिलाच्या फाइलीपर्यंत : आमची वाटचाल

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आमचं दुकान. बाबांनी सुरू केलं तेव्हा काम एकच : काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सींच्या ब्रेक शूला, म्हणजे चाकाच्या आतून दाबून ब्रेक लावणाऱ्या लोखंडी पट्टीला, लायनर (घासला जाणारा थर) मारणं. जुने रिवेट छिन्नीने उडवायचे, शू घासायचा, नवा लायनर बसवून परत ठोकायचं. शाळेतून आलो की रिवेट मोजून देणं माझ्याकडे. संध्याकाळी नाक शिंकरलं तर रुमाल काळा! त्या लायनरमध्ये काय काय असायचं, हे तेव्हा कोण विचारत होतं?

पद्मिनीची शेवटची नोंदणी २००३ची; टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३मध्ये ती रस्त्यावरून गेलीच. पण ठोकाठोक त्याआधीच थांबली होती. डिस्क ब्रेक आले, खोक्यात तयार पॅड आले, आणि खोक्याबरोबर डुप्लिकेटही आला.

२०१४च्या पावसाळ्यात एका टेम्पोवाल्याने काउंटरवर पॅड आपटला. लोखंडी पत्रा वेगळा, वरचं लायनिंग सोललेल्या सालीसारखं वेगळं. "शेठ, तुमच्याकडनंच नेला होता. डिव्हायडर होता म्हणून इथे उभा आहे." बाबांनी गल्ल्यातून पैसे काढून दिले, बंपरचेही. एक शब्द बोलले नाहीत. माल ओळखीच्या होलसेलरचा. बिल मागितलं होतं, तर "उद्या पाठवतो" म्हणाला होता. तो उद्या काही उजाडला नाही.

पुढच्याच वर्षी आमच्या गल्लीत धाड पडली. कंपनीची माणसं, सोबत पोलीस. दोन दुकानांतला माल पोत्यांत भरून गेला. वकिलांनी तेव्हा समजावलं : खोटा ट्रेडमार्क लावलेला माल विकला तर १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०४खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. सुटका कोणाची? ज्याने पुरेशी काळजी घेतली होती, शंकेला जागा नव्हती आणि माल कोणाकडून घेतला ते जो सांगू शकतो, त्याची. म्हणजे बिल! बाबा रात्रभर जागे होते.

तेव्हापासून बिलाशिवाय खोकं आत येत नाही. तीन सेल्समननी आमच्याकडे येणं सोडलं, दोन वर्षं धंदा बसला. खोटं कशाला सांगू, त्या दोन वर्षांत मी बाबांशी बरेचदा भांडलो.

२०१९च्या मोटार वाहन सुधारणेत कलम १८२अ आलं : केंद्राने महत्त्वाचा सुरक्षा भाग म्हणून जाहीर केलेला पार्ट नियमांत बसत नसताना विकला, तर वर्षभरापर्यंत कैद, पार्टमागे १ लाख दंड किंवा दोन्ही. शेजारचे म्हणाले, कागदावरच राहणार. असेल. पण १ जून २०२१पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय सक्तीचं झालं, तेव्हा आम्ही टोपीछाप हेल्मेटं त्याच आठवड्यात उतरवली. आता पोरगी प्रत्येक हेल्मेटवर आयएस ४१५१ (हेल्मेटचं भारतीय मानक) आणि सीएम/एल क्रमांक (आयएसआय छापाच्या परवान्याचा) बघते, तो परवाना देणाऱ्या बीआयएसच्या बीआयएस केअर ॲपवर टाकते, मगच शेल्फवर चढवते. गेल्या महिन्यात एका पेटीतल्या हेल्मेटांवरचा क्रमांक दुसऱ्याच मालाचा निघाला. पेटी परत केली.

तो सोललेला पॅड अजून गल्ल्याजवळ आहे. गिऱ्हाईक "स्वस्तातला नाही का?" म्हणालं, की बाबा तो पुढे सरकवतात आणि पेपर वाचायला लागतात.