पातेल्याचा पोचा

चित्रकलेच्या फाउंडेशनच्या वर्गाला मी गेस्टाल्ट, म्हणजे डोळा सुटे भाग जोडून एक आकार कसा पाहतो ते, शिकवते स्टिल लाइफच्या, म्हणजे समोर ठेवून काढायच्या वस्तूंच्या, मांडणीतूनच. मानसशास्त्रज्ञ मॅक्स वर्थायमर यांनी १९२३ साली ठिपके आणि रेघांवरून जे दाखवलं, ते कांद्यांवरूनही दाखवता येतं. तीन कांदे जवळजवळ ठेवून चौथा वीतभर लांब सरकवला की मुलं "तीन आणि एक" म्हणतात. "चार" कोणी म्हणत नाही. किटलीची तोटी कपाच्या कानाला नुसती टेकलेली दिसली, तर दोघांचं मिळून एक विचित्र जनावर होतं. तिथे कप सरळ मागे दडवायचा, नाहीतर बोटभर फट ठेवायची. यावर माझा अर्धा तास जातो. आमच्यातले काही जण मांडणी शिपाईमामांवर सोपवून चहाला जातात.

त्या दिवशी मागे पांढरी चादर, पुढे अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं, उजवीकडे खिडकी. त्या बाजूला पातेल्याचा आणि चादरीचा टोन, म्हणजे उजळपणा, इतका जुळला की कड दिसेनाशीच झाली. बहुतेकांनी तिथे दाबून रेघ ओढली. ग्रेड परीक्षेच्या तयारीत शाळेपासून तेच घोटून घेतलेलं असतं. एका मुलीने मात्र दोन इंच कागद कोरा सोडला. तुटक वर्तुळ डोळा आपणहून पुरं करतो, हे सकाळी फळ्यावर मीच काढून दाखवलं होतं. आणि दुपारी तिच्या डाँकीवर, म्हणजे चित्र काढायच्या बाकावर, टेकून, बोलता बोलता, मीच ६बी पेन्सिलीने ती कड जोडून टाकली. ती फक्त "हो मॅडम" म्हणाली.

संध्याकाळी चित्रं भिंतीला लावताना मामा त्या कागदापाशी थांबले.

"मॅडम, पातेल्याला पोचा आलाय का हो?"

पातेलं धड होतं. मी उचलून फिरवून पाहिलंसुद्धा. माझी रेघ काठाच्या लंबगोल वळणातून सूतभर आत गेली होती. जागा कोरी असती तर मामांच्या नजरेनेच काठ गोल नेला असता. रेघ दिसली, म्हणून त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला.

खोडून पाहिलं. कार्ट्रिज कागदाचे तंतू उठले, करडा डाग राहिलाच.

दुसऱ्या दिवशी तिला सगळं सांगितलं. तिने कागद जवळ घेऊन पाहिला.

"मग मॅडम, आता पोचाच नीट काढू का?"

मी हो म्हणाले. सबमिशनला त्या पोच्याचे मार्क कोणाच्या नावावर टाकायचे, ते अजून ठरलेलं नाही.