पानओव्याची वर्षभराची नोंद: ऊन सोसतो, पाणी सोसत नाही

जळगाव-भुसावळ पट्ट्यात पानओवा मे महिन्यात जळतो असा समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक झाडं उन्हाने मरत नाहीत. उन्हाच्या धास्तीने रोज घातलेल्या पाण्याने मरतात.

आधी एक खुलासा. हा मसाल्याचा ओवा नव्हे. तो कोथिंबिरीच्या कुळातला, बी धरून संपणारा. पानओवा तुळशीच्या कुळातला, बहुवर्षायू, पानं जाड आणि लवदार. वास सारखा येतो, कारण दोन्हींच्या तेलात थायमॉल, कार्व्हाक्रॉल ही जवळची द्रव्यं असतात.

जुलै. 12 सेंमीच्या आठ छाट (लावायला कापलेले फांदीचे तुकडे). खालची दोन पेरं मोकळी केली. चार लगेच लावल्या, चार दिवसभर सावलीत सुकवून. लगेच लावलेल्यांपैकी दोन बुडाशी काळ्या पडून गेल्या, सुकवलेल्या चारही जगल्या. काप वाळून बंद झाला की कूज आत शिरायला वाट राहत नाही. मुळं साधारण तीन आठवड्यांत धरली.

माती: दोन भाग पोयटा, एक भाग जाड वाळू, एक भाग गांडूळखत. नुसती काळी माती नकोच. ती ओली असताना हवा कोंडते आणि सुकली की भेगा पडून मुळं तोडते. कुंडी 10 इंची पुरते, खोलीपेक्षा तोंड रुंद असलेली बरी. खालची भोकं मोकळी राहावीत म्हणून ती दोन विटांवर ठेवायची.

ऑगस्ट. झड लागली की कुंडी वळचणीखाली. खालची पानं पिवळी पडून गळतात, तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. बुंधा बोटाने दाबून पाहा. मऊ लागला तर मूळ गेलं. तेव्हा औषध शोधत बसू नका, वरचा कडक शेंडा कापून नवी छाट लावा.

ऑक्टोबर. सर्वांत जोमाची वाढ. फांदी 15 सेंमी झाली की शेंडा खुडायचा, पानांच्या दोन जोड्या ठेवून. न खुडलेलं झाड लांबट होऊन आडवं पडतं.

डिसेंबर-जानेवारी. थंडीत वाढ जवळपास थांबते. पानं लहान, जाड आणि उग्र वासाची येतात. पाणी आठ-दहा दिवसांनी.

एप्रिल-मे. पारा 44 वर. सकाळचं ऊन नऊ-साडेनऊपर्यंत, पुढे 50 टक्के शेडनेट. पश्चिमेची भिंत टाळा, ती सूर्य मावळल्यावरही तापलेली असते. दुपारी पानं मान टाकतात आणि संध्याकाळी आपोआप उठतात, म्हणून दुपारी पाणी घालू नये. तापलेल्या ओल्या मातीत मुळं शिजल्यासारखी होतात. बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच पाणी, तेही भल्या सकाळी. टोमॅटो-वांग्याच्या ठिबक नळीवर याला जोडणं ही आपल्याकडची नेहमीची चूक. त्यांना रोज ओल लागते, याला नाही.

याच दिवसांत पिठ्या ढेकूण पानांच्या बगलेत बसतात. एक लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि तेवढंच साबणाचं द्रावण, फवारणी संध्याकाळी. नंतर आठवडाभर पानं तोडू नका. लव असल्याने फवारा चिकटून राहतो, म्हणून खाण्याआधी नीट धुवा.

दीड-दोन वर्षांत बुंधा लाकडासारखा होतो, पानं फक्त टोकाला उरतात. दर पावसाळ्यात दोन नव्या छाट लावल्या की झाड कायम राहतं.

वापर. भजी: 20 पानं देठासकट, 100 ग्रॅम बेसन, दोन चमचे तांदळाचं पीठ, तिखट, मीठ. ओवा घालू नये, वास अंगावर येतो. धुतलेली पानं फडक्याने कोरडी केली नाहीत तर पीठ घसरतं आणि तेलात नुसतं पान उरतं. आच मध्यम ठेवा. आच मोठी झाली तर आवरण लाल होतं आणि पान आत कच्चं राहतं.

चटणीसाठी दहा पानं चमचाभर तेलात मऊ होऊन रंग बदलेपर्यंत परतायची. कच्च्या पानाने जिभेला चुरचुर लागते. मग दोन हिरव्या मिरच्या, चार लसूण पाकळ्या, दोन मोठे चमचे भाजलेले शेंगदाणे, मीठ, सगळं जाडसर वाटून. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीबरोबर ही चटणी ठेच्याइतकीच चालते. पानं वाळवून डब्यात भरायचा प्रयत्न मात्र सोडा. ती पाणीदार असतात आणि वाळण्याआधी काळी पडतात.