पाय आर वर्ग आणि बशीभर पाणी

दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये संपतो आणि निकाल लागेपर्यंत सोलापूरचा पारा ४३ वर जाऊन बसलेला असतो. मधल्या दोन महिन्यांत एखाद्या पोराला जंगलात काम करायची हुक्की आली, तर आपल्याकडचं जंगल म्हणजे माळ, हे त्याला आधीच सांगून टाकावं. नान्नजचा माळ सोलापूर शहरापासून वीसेक किलोमीटर. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं तेव्हा त्याचं क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होतं, गावंच्या गावं त्यात. पुढे ते बाराशेच्या आसपास आणलं. माळढोक दिसला तर आता पेपरात बातमी येते. त्यामुळे ती आशा धरून आलेलं पोर चौथ्या दिवशी कंटाळतं. तिथून पुढे टिकलं तर कामाचं.

काम म्हणजे मुख्यतः पाणवठे. सिमेंटची उथळ बशी, व्यास दोन मीटर, मधोमध फूटभर खोल. उतार अगदी हळू हवा. काठ उभा ठेवला की सरडे, पिल्लं आत पडतात आणि वर येता येत नाही. म्हणून कडेला दगड किंवा बाभळीची सुकी फांदी तिरपी टाकून ठेवायची. भरण्याआधी शेवाळ काथ्याने खरवडायचं, साबण अजिबात नाही. तळ कोरडा होऊ द्यायचा, म्हणजे तडा दिसतो. भरलेल्या बशीतला तडा कुणाला दिसत नाही, पाणी मात्र रात्रीत गायब होतं आणि संशय तरसावर जातो.

इथे दहावीचं गणित पहिल्यांदा उपयोगी पडतं. पाय आर वर्ग केला की पाण्याचा पृष्ठभाग तीन चौरस मीटरहून थोडा जास्त. मेमध्ये दिवसाला एक सेंटिमीटर उडालं, तर तीस लिटर नुसतं आभाळ पितं. बशीत मावतं तीनशे ते पाचशे लिटर. पाणी उतरेल तसा पृष्ठभागही आक्रसतो, तरी कुणी तोंड न लावता महिन्याभरात खडखडाट. टँकरचा पाइप थेट काठावर सोडला तर भोवतालची माती खचते, काठ अधांतरी राहतो आणि तिथेच तडकतो. पाइपखाली फरशी ठेवायची, एवढंच. पण हे दरवेळी सांगावं लागतं.

वेळही सांभाळावी लागते. सकाळी आठ-नवाला पखुर्डी पक्ष्यांचे थवे पाण्यावर उतरतात. नर पोटाची पिसं भिजवून पिल्लांसाठी पाणी नेतो. त्या वेळी टँकर घरघरला तर तो तसाच परत जातो. म्हणून पखुर्ड्या गेल्यावर भरायचं आणि ऊन डोक्यावर यायच्या आत निघायचं. माणशी चार-पाच लिटर पाणी, डोक्याला पंचा, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. मोज्यात कुसळ शिरलं तर मागे ओढू नये. त्याची लव उलटी असते, टोकाकडूनच पुढे काढावं. घामाने ओलं झालं की त्याची पिळदार शेपटी उलगडते आणि ते आणखी आत घुसतं. मुसळाची म्हण करणाऱ्याने कुसळाला जरा कमीच लेखलं.

चालताना वनमजूर मामा सारखे ओरडतात, "खाली बघ की बे!" कारण माळटिटवीची अंडी उघड्या मुरमावर असतात, खड्यांच्याच रंगाची. टिटवी डोक्यावर कालवा करू लागली की पुढचं पाऊल टाकायचं नाही, आल्या वाटेने मागे.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर होणाऱ्या प्राणीगणनेचं मात्र पोरांना फार अप्रूप. मचाण बांधायला झाड कुठलं, म्हणून लपणात बसायचं. अत्तर नाही, मोबाइल नाही, वेफर्सची पिशवी तर नाहीच. तेच काळवीट दोनदा पाण्यावर येतं आणि कागदावर दोन होतात. म्हणून वेळ, दिशा आणि शिंगाचे पीळ लिहायचे. कोवळा नर मादीसारखाच तपकिरी असतो, शिंगं नीट पाहिल्याशिवाय मादी लिहू नये. पहाटे तीनला डुलकी लागते आणि नेमकं तेव्हाच खोकड येऊन जातं. सकाळी ओल्या मातीत पावलं दिसतात, पण ती गणनेत धरत नाहीत. न पाहिलेलं लिहायचा मोह टाळणं हे सोळाव्या वर्षी सगळ्यात जड काम असावं, टँकरच्या पाइपाहूनही.

पहिला वळीव झाला की बशा आपोआप भरतात, पण गढूळ. दोन बोटं गाळ बसतो आणि तो वेळीच काढला नाही तर दगड होतो. तोवर पोर अकरावीच्या प्रवेशाच्या मागे लागलेलं असतं. गाळ मामाच काढतात.