तुम्ही विचारलंत म्हणून: गलबताचं शीड तिकोनी का?

ऐरोलीला आमच्याकडे येणारा माणूस चहाचा कप हातात पडायच्या आत शोकेसवरचं गलबत बघतो आणि विचारतो, "याचं शीड तिकोनी कसं? सिनेमातल्या जहाजांना तर चौकोनी असतं." फळकुटांतून जुन्या नावा करायचा नाद असल्यानं हा प्रश्न आता पाठ झालाय.

चौकोनी शीड नावेवर आडवं टांगलेलं. वारा पाठीमागून असेल तर त्याच्यासारखं सुख नाही. कोलंबसच्या 'निन्या' या जहाजाला आधी तिकोनी शिडं होती. १४९२ मध्ये कॅनरी बेटांवर ती उतरवून चौकोनी चढवली, कारण पुढं वारा पाठीशीच राहणार होता.

आपल्या किनाऱ्याचं तसं नाही. तो दक्षिणोत्तर, दुपारचे खारे वारे समुद्राकडून, रात्रीचे मतलई जमिनीकडून. म्हणजे मुंबईहून रत्नागिरीला निघालात तर वारा बऱ्याचदा कुशीत. तिकोनी शीड नावेच्या लांबीला धरून उभं राहतं, त्यामुळे असा आडवा वाराही नावेला पुढं ओढतो. वाऱ्याच्या थेट तोंडावर कुठलीच शिडाची नाव जात नाही, पण नागमोडी वळणं घेत तिकडं सरकता येतं. (मचव्याचं, म्हणजे आपल्याकडच्या शिडाच्या होडीचं, शीड नीट बघितलंत तर पुढचा कोपरा छाटलेला असतो. म्हणजे खरं तर चारच बाजू! पण तिकोनीच म्हणायचं.)

मराठ्यांच्या गलबताला दोन डोलकाठ्या. मागची किरकोळ, मोठीवर एकच अवाढव्य शीड, त्याचं टोक डोलकाठीच्याही वर. वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ही. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी इथल्याच खाडीत जहाजबांधणीला हात घातला.

माझं पहिलं गलबत मात्र चुकलं होतं. दिवाळे गावच्या एका कोळी काकांनी लांबूनच मान हलवली. "डोलकाठी अशी ताठ कशाला? पुढं झुकव." डोलकाठी पुढं कललेली असली की शिडाचा लांबलचक वासा तिच्यापासून सुटा लोंबतो आणि बाजू बदलताना या अंगाचा त्या अंगाला नेता येतो. माझा वासा दर वेळी काठीला अडकत होता आणि मी दोरीला दोष देत होतो.

काठी उपटली, खाच तिरपी कोरली, जुन्या धोतराचं शीड पुन्हा बांधलं. तेवढं बघताना पंखा बंद करा, मागच्या पाहुण्यांच्या वेळी गलबत टीव्हीवर जाऊन आदळलं.