ठेव पिकली, सही अडली

तुमच्या संस्थेचे विश्वस्त बदलणार असतील, तर सभेची तारीख ठरवण्याआधी मुदत ठेवींच्या पावत्या काढून बसा. कोणती ठेव कधी पिकते ते पाहा. पुढच्या सहा महिन्यांत एखादी पिकत असेल, तर तिचं काय करायचं ते जुन्या सह्या चालू आहेत तोवरच ठरवून बँकेला लेखी देऊन टाका. एवढी एक गोष्ट आम्हाला कोणी सांगितली असती, तर २०२३ चा पावसाळा आणि पुढे दिवाळीपर्यंतचे दिवस मला एका बँकेच्या शाखेत बसून काढावे लागले नसते. अजूनही त्या रस्त्यानं गेलं की डोकं तापतं.

आमचा निधी तसा लहान. इथल्या एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी आणि निवृत्त प्राध्यापकांनी मिळून उभा केलेला. मुद्दलाला हात लावायचा नाही. व्याजातून सुरगाणा, पेठ, हरसूल, कळवणकडून नाशिकला शिकायला येणाऱ्या मुलामुलींची फी, परीक्षा शुल्क, एसटीचा पास आणि खानावळीचे पैसे भागवायचे. मी सातपूरच्या एका कारखान्यात लेखा विभागात नोकरी करून निवृत्त झाले. आकड्यांची सवय होती, म्हणून खजिनदारपद माझ्याकडे आलं. अध्यक्ष वारले होते. आधीचे खजिनदार मुलाकडे पुण्याला राहायला गेले होते, त्यांनी राजीनामा दिला. सभा झाली, निवड बिनविरोध झाली, इतिवृत्तावर सह्या झाल्या. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद मागणारा अर्ज, द्यावा लागतो. आमच्या वकीलसाहेबांनी तो त्याच्या खूप आधी दाखल केला. इथवर कुठेच अडलं नाही.

अडलं ते बँकेत. ठेवी आणि बचत खातं, दोन्ही अध्यक्ष आणि खजिनदार यांच्या संयुक्त सहीनं चालायचे. त्यातले एक हयात नाहीत, दुसऱ्यांनी पद सोडलेलं. जुनी सही कायद्यानं चालेना आणि नवी सही बँकेला चालेना. आमची सगळ्यांत मोठी ठेव नेमकी त्याच महिन्यात पिकत होती.

काउंटरवरच्या अधिकाऱ्यांनी फाइल चाळली आणि म्हणाले, "मॅडम, बदल अर्जाचा अंतिम आदेश आणा, मग सह्या बदलू."

आमच्याकडे तात्पुरता आदेश होता. २०१७ च्या दुरुस्तीनंतर विश्वस्तांच्या नावातल्या बदलाला १५ कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती मान्यता देता येते. मग हरकतींसाठी नोटीस निघते, आणि ३० दिवसांत कोणाचीच हरकत आली नाही तर तोच आदेश अंतिम होतो. संस्थांचे व्यवहार मधल्या काळात खोळंबू नयेत, हाच त्यामागचा हेतू. मी कायद्याची प्रत पुढे ठेवली, ती ओळ पेन्सिलीनं खुणा करून दाखवली.

"बरोबर आहे मॅडम, पण तात्पुरत्यावर सही बदलत नाही."

"कोणत्या परिपत्रकात आहे?"

"वरून सांगितलंय."

हे 'वरून' म्हणजे कोण, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. शाखा म्हणे विभागीय कार्यालय सांगतं, विभागीय कार्यालय म्हणे निर्णय शाखेचा. फोनवर प्रत्येक वेळी वेगळा माणूस, आणि प्रत्येकाला गोष्ट पहिल्यापासून सांगायची. एकदा तर मला चक्क विचारलं, "जुन्या अध्यक्षांना एकदा शाखेत आणता येईल का?" मृत्यूचा दाखला त्यांच्याच फाइलमध्ये लावलेला होता.

तेवढ्यात ठेव पिकली आणि आपोआप पुन्हा गुंतली, मागच्या मुदतीइतक्याच मुदतीसाठी. आमच्या सूचनेशिवाय, आमच्या सहीशिवाय. पैसे काढायला सही लागते, अडकवायला लागत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं. पण खरी अडचण बचत खात्याची होती, कारण चेकही त्याच दोन सह्यांवर. परीक्षा शुल्काची शेवटची तारीख जवळ आलेली. सुरगाण्याकडची एक मुलगी, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची, अर्ज भरून कॉलेजच्या ऑफिसबाहेर उभी. घरून पैसे यायची शक्यता नव्हती, म्हणून तर ती आमच्या यादीत होती. तिला काय सांगायचं, बँकेची सिस्टीम घेत नाही?

आम्ही विश्वस्तांनी आपापसांत पैसे जमवले. हे उसने द्यावेत असं एकानं सुचवलं, पण ते मी होऊ दिलं नाही. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्तांना संस्थेसाठी कर्ज काढता येत नाही, कलम ३६-अ तसं सांगतं, आणि विश्वस्तानं दिलेले उसने पैसे वहीत कर्ज म्हणूनच बसतात. त्यामुळे प्रत्येकानं थेट त्या मुलांच्या नावानं स्वतःच्या खिशातून फी भरली आणि निधीच्या वहीत त्याची नोंदच केली नाही. अशी वेळ आलीच तर एक लक्षात ठेवा. पैसे संस्थेला द्यायचे तर देणगी म्हणून द्या आणि पावती फाडा, नाहीतर संस्थेच्या बाहेरूनच मदत करा. मधला मार्ग ऑडिटमध्ये त्रास देतो.

मुदत संपली, हरकत आली नाही, आदेश अंतिम झाला. परिशिष्ट १ चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा, नव्या विश्वस्तांच्या नावांचा प्रमाणित उतारा घेऊन मी शाखेत गेले. आता तरी सुटलं असं वाटलं होतं. तिथे नवी यादी हातात पडली. सगळ्या विश्वस्तांचं केवायसी, सही करणाऱ्या दोघांचंच नव्हे. ठराव बँकेच्या नमुन्यात. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा नोंदणी क्रमांक. यातली दर्पणची मागणी मला पटली, २०२३ च्या मार्चमध्ये नियम बदलल्यापासून ना-नफा संस्थांची ती नोंद बँकांना बघावीच लागते. पण मग ही यादी पहिल्याच दिवशी का दिली नाही? आदेशाची वाट बघत होतो त्या काळात हे सगळं तयार झालं असतं. माझा राग नियमांवर नाही. एकेक कागद सुटा सुटा मागण्यावर आहे.

आणि हे कागद जमवतानाच आणखी एक गोष्ट सापडली. ही बँक काही वर्षांपूर्वी दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती. विलीनीकरणात आमचा ग्राहक क्रमांक बदलला आणि नव्या क्रमांकाला निधीचा पॅन जोडलाच गेला नव्हता. पॅन नसेल तर व्याजावरचा टीडीएस, म्हणजे बँक आधीच कापून सरकारकडे भरते तो कर, १० ऐवजी २० टक्क्यांनी कापला जातो, म्हणजे एक लाख व्याजावर दहा हजारांच्या जागी वीस हजार. ते कापलेले पैसे आमच्या २६एएस मध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या विवरणात, कुठेच दिसत नव्हते, कारण बँकेनं ते पॅनविना भरलेले. करसवलतीची (तेव्हाची १२ए) नोंदणी असलेल्या संस्थेला विवरणपत्र भरून टीडीएसचा परतावा मिळतो, पण नोंदच दिसत नसेल तर परतावा मागायचा कशाच्या जोरावर? त्यासाठी बँकेनं आपलं तिमाही टीडीएस विवरण दुरुस्त करून द्यावं लागतं, आणि ते काम आपण कितीही हुशार असलो तरी आपल्या हातात नसतं. मला हे कळलं ते पासबुकातल्या व्याजाचा आणि मी स्वतः मांडलेल्या व्याजाचा मेळ बसेना म्हणून. प्रत्येक तिमाहीला व्याज हातानं मांडून बघायची सवय लावून घ्या. सीए वर्षाअखेर बघतात, तोवर चार तिमाह्या गेलेल्या असतात.

शेवटी गाडं हललं ते कागदानं. मी तोंडी बोलणं बंद केलं. एक पत्र लिहिलं: कोणत्या तारखेला कोणता कागद दिला, काय उत्तर मिळालं, आमची मागणी काय. शाखेच्या शिक्क्यानिशी पोच घेतली. काउंटरवर पोच द्यायला कांकूं झाली, तेव्हा तिथेच उभी राहिले आणि म्हटलं, "साहेब, नकार असेल तर नकार लिहून द्या, तो घेऊन जाते." पत्राची प्रत विभागीय कार्यालयाला आणि बँकेच्या तक्रार निवारण कक्षाला. खाली एक वाक्य लिहिलं, की ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली तक्रार करू. ही तक्रार ऑनलाइन करता येते, फी लागत नाही, वकील लागत नाही. फक्त आधी बँकेला लेखी तक्रार केल्याचा पुरावा हवा, म्हणूनच त्या पोचेला एवढी किंमत.

लोकपालापर्यंत जावं लागलं नाही. विभागीय कार्यालयातून एका मॅडमचा फोन आला, त्यांनी सगळी फाइल स्वतः वाचली होती हे बोलण्यातून कळत होतं. सह्या बदलल्या, पॅन जोडला गेला, आपोआप गुंतलेली ठेव दंड न लावता मोडून दिली. त्या दिवशी मी आणि आमचे नवे अध्यक्ष, देशमाने सर म्हणू या त्यांना, शाखेतून निघून थेट मिसळ खायला गेलो.

आता गुंतवणुकीचं. हातात सूत्रं आल्यावर मी पहिल्यांदा ठेवी फोडून वेगवेगळ्या तारखांना लावल्या. जूनमध्ये प्रवेश, ऑक्टोबरच्या आसपास आणि मार्चआधी परीक्षा शुल्क, त्या त्या वेळी एक ठेव पिकते. बाकीचं व्याज तिमाही बचत खात्यात येतं. एका बँकेत सगळं ठेवलेलं नाही. ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच आहे, शाखा कितीही असल्या तरी. आमची सगळी रक्कम त्या मर्यादेत बसत नाही, पण एका बँकेवर संकट आलं तर शिष्यवृत्ती बंद पडणार नाही एवढी वाटणी केली आहे. पाव टक्का जास्त व्याजासाठी मी पैसे हलवत नाही.

आमच्यातल्या एका तरुण विश्वस्तांचा शेअर्समध्ये थोडी रक्कम लावायचा आग्रह होता. स्वतःचे पैसे त्यांनी खुशाल लावावेत. धर्मादाय संस्थेचे पैसे प्राप्तिकर कायद्यानं ठरवून दिलेल्या मार्गांनीच (१९६१ च्या कायद्यात ते कलम ११(५) मध्ये होते) गुंतवता येतात, कंपन्यांचे शेअर्स विकत घेणं त्यात बसत नाही आणि मोडलं तर करसवलतीवरच गदा येते. शिवाय आपल्या राज्याच्या कायद्याचं कलम ३५ आहेच, त्यातल्या मार्गांबाहेर जायचं तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. कोणी शेअर्स देणगीत दिलेच, तर मिळाले त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून एका वर्षाच्या आत विकून टाकावे लागतात. दोन्ही कायदे एकत्र वाचा. एकात बसतं म्हणून दुसऱ्यात बसेलच असं नाही.

देणगीदाराकडून 'ही रक्कम कायम निधीसाठी' असं लेखी घ्यायला विसरू नका. ते पत्र नसेल तर ती रक्कम त्या वर्षाचं उत्पन्न धरली जाते आणि उत्पन्नाच्या ८५ टक्के त्याच वर्षी खर्च करण्याचा नियम तिला लागतो. आमच्या १९८८ च्या तुकडीनं एकत्र देणगी दिली तेव्हा मी प्रत्येकाकडून वेगळं पत्र मागितलं. कुरकुर झाली, पण पत्रं आली. परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांना नागरिकत्व विचारायला संकोच करू नका. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असतील तर प्रश्न नाही, परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर एफसीआरएच्या, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या, नोंदणीशिवाय किंवा परवानगीशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. आणि देणगीदारांची यादी प्राप्तिकर विभागाला (१९६१ च्या कायद्याखाली फॉर्म १०बीडी) ३१ मे च्या आत. उशीर झाला तर रोजचे २०० रुपये, आणि ती भरल्याशिवाय देणगीदाराला करसवलतीसाठीचं देणगी प्रमाणपत्र (१०बीई) मिळत नाही.

एक राहिलंच. मुदत ठेवीवर 'आपोआप नूतनीकरण' की 'मुदतीनंतर बचत खात्यात जमा', यातलं काय निवडलंय ते प्रत्येक पावतीवर तपासा. आमच्या सगळ्या ठेवींवर आता दुसरं आहे.

टीडीएसच्या दुरुस्त्या बँकेनं बहुतेक केल्या. एका तिमाहीची बाकी आहे, तिचं स्मरणपत्र गेल्या आठवड्यात दिलं आणि पोच घेतली.