खड्डा फोमचा नव्हता

तीन सीटचा सोफा. फोम आधी एकदा बदलून झालेला, तरी वर्षभरात मधली सीट पुन्हा बसली. मागणी तीच होती: फोम बदला, या वेळी चांगला घाला. मधल्या काळात कुणीतरी गाद्यांखाली ६ मिमीचं प्लायवूडही सरकवलं होतं. ते कमानीसारखं वाकलं होतं आणि बसलं की करकरत होतं.

फोमला हात लावण्याआधी खड्डा मोजावा. प्लायवूड काढून टाकलं, गाद्या जागेवर ठेवल्या आणि तिन्ही सीटवर एक सरळ पट्टी आडवी ठेवली. मधोमध पट्टी आणि गादी यांच्यात ५ सेंमी अंतर भरलं. मग तीच गादी सपाट जमिनीवर ठेवून जाडी पाहिली. कडेला १२ सेंमी, मध्ये ११. म्हणजे पाचातला एकच सेंटिमीटर फोमचा, बाकीचे चार खालचे. नवा फोम घालून पुन्हा वर्षभरानं तेच झालं असतं.

फोम अगदी निर्दोष होता असं नाही. तो ४० डेन्सिटीचा म्हणून दिला गेला होता. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोत वजन, त्यामुळे ती घरच्या वजनकाट्यावर तपासता येते. गादीची चेन उघडून फोम बाहेर काढला. माप ६० × ५५ × १२ सेंमी, म्हणजे ०.०३९६ घनमीटर. ४० डेन्सिटीचा असता तर वजन १.५८ किलो भरायला हवं होतं. भरलं १.१ किलो, म्हणजे जेमतेम २८. बोटानं दाबून यातलं काहीच कळत नाही. कडकपणा वेगळा आणि डेन्सिटी वेगळी. हलका फोमही कडक बनवता येतो, पण तो लवकर दबतो.

सोफा उलटा करून खालचं काळं कापड पिना उपसून सोडवलं, आणि खरं कारण समोर आलं. बसण्याच्या जागेची पुढची फळी, जिच्या वरच्या कडेला झिगझॅग स्प्रिंगांच्या क्लिपा मारतात, ती एकसंध नव्हती. बरोबर मधल्या सीटखाली दोन तुकडे तोंडाला तोंड लावून जोडले होते आणि मागून वीतभर प्लायवूड पिनांनी मारलं होतं. गोंदाचा थेंबही नव्हता. जोडाखाली मधल्या पायाचं भोक होतं, पाय मात्र कधीचाच निघून गेला होता. १८० सेंमी लांबीची फळी दोन टोकांच्या आधारावर, आणि सांधा नेमका सगळ्यात जास्त वाकणाऱ्या जागी.

दोरी ताणून पाहिली तर फळी मध्ये १४ मिमी खाली आली होती. त्याहून महत्त्वाचं, ती आत ओढली गेली होती. पुढची आणि मागची फळी यांच्यातलं अंतर टोकांना ५६ सेंमी, मधोमध ५४.९. झिगझॅग स्प्रिंग दोन फळ्यांमध्ये ताणून बसवलेली असते. फळी सेंटिमीटरभर आत आली की तो ताण जातो, आणि वजन पडल्यावर स्प्रिंग त्याच्या कितीतरी पट खाली उतरते. मधल्या सीटच्या पाच स्प्रिंगांपैकी दोन क्लिपमधून सुटल्या होत्या. राहिलेल्या क्लिपांचे खिळे निम्मे वर आले होते, त्यांची भोकं लांबट झाली होती.

दुरुस्तीत क्रम महत्त्वाचा. आधी पाचही स्प्रिंगा सोडवल्या, डोळ्यांवर चष्मा लावून आणि स्प्रिंगेचं टोक पक्कडीत धरून, कारण सुटलेलं टोक जोरात उसळतं. मग वीतभर तुकडा काढून फळी दोरीला लागेपर्यंत शिकंज्यांनी सरळ केली. मागून १८ मिमी प्लायवूडची १२० सेंमी लांब, १० सेंमी रुंद पट्टी लाकडाच्या गोंदानं चिकटवली आणि ३० मिमी स्क्रूंच्या दोन ओळी १५-१५ सेंमीवर मारल्या. दोन्ही मिळून जाडी ३६ मिमी, त्यामुळे स्क्रू बाहेर फुटत नाही. शिकंजे रात्रभर तसेच ठेवले.

दुसऱ्या दिवशी पुढच्या आणि मागच्या फळीमध्ये एक आडवी दांडी ठोकून बसवली. ती फळीला आत येऊ देत नाही. लांबी ५६ सेंमी नव्हे, ५४.२ ठेवली, कारण आतून १८ मिमीची पट्टी आली होती. ही वजाबाकी राहिली तर फळी बाहेर फुगते. दांडी फळीच्या खालच्या कडेला लावायची. वर लावली तर बसताना स्प्रिंगा तिच्यावर आपटतात आणि प्रत्येक वेळी 'टक्' वाजतं. अशा दुरुस्त्या पुन्हा उघडायला लागतात. दांडीच्या पुढच्या टोकाखाली आट्यांचा, वर-खाली करता येणारा नवा पाय बसवला.

ताणून गेलेल्या स्प्रिंगा नव्या घातल्या. क्लिपा जुन्या भोकांत न मारता २ सेंमी बाजूला घेतल्या आणि खिळ्यांऐवजी स्क्रू वापरले. धातूवर धातू घासू नये म्हणून क्लिपच्या आत प्लॅस्टिकचं अस्तर असतं. ते झिजलं की किरकिर सुरू होते, म्हणून क्लिपाही नव्याच. स्प्रिंगा एकमेकींना आडव्या तारेनं बांधल्या, म्हणजे एकीवरचा भार शेजारणीवर जातो.

जुना फोम घालूनच पुन्हा मोजलं. खड्डा १ सेंमी. तेवढ्यासाठी फक्त मधल्या गादीत ४० डेन्सिटीचा नवा तुकडा घातला, या वेळी वजन करून. तो खोळीपेक्षा लांबी-रुंदीला सव्वा सेंमी मोठा कापला, नाहीतर कापडाला सुरकुत्या राहतात. प्लायवूड परत घातलं नाही. त्यानं स्प्रिंगांचं काम थांबतं आणि सगळा दाब फोमवर येतो.

हा जोड सोफा घेतानाच दिसला असता. पुढचा एक कोपरा १५ सेंमी उचलायचा. तोवर दुसरा पुढचा पायही जमीन सोडायला लागला तर सांगाडा ताठ, जमिनीलाच चिकटून राहिला तर तो पिळवटतो आहे. मग खाली हात घालून पुढच्या फळीवरून टोकापासून टोकापर्यंत बोटं फिरवायची. मध्ये पिनांनी मारलेला जोडतुकडा हाताला लागला तर कापड कितीही सुंदर असो, तो सोफा घेऊ नये.

मधला पाय भार घेतो का, हे कागदानं कळतं. सोफा जागेवर ठेवून पायाखाली साधा कागद सरकवून पाहिला, तो सहज निघाला. पाय अर्धा फेरा खाली सोडला, तेव्हा कागद अडला.